मेडिकलमधल्या ताईंना, माझ्या लेकीच्या केसांसाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं नाव तुम्हाला ठाऊक नाही. पण कुरळ्या केसांची, मान खाली घालून बोलणारी सातवीतली मुलगी तुम्हाला आठवत असेल. त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती, तुमचे आभार धड मानता आले नाहीत. ते राहून गेलेलं मनाला लागलंय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाटल्यांचं नंतर. तुम्ही आधी लेकीकडे बघून विचारलंत, "बाळा, केसांना हात लावला तर चालेल का?" ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली, कारण हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लग्नकार्यात, बसमध्ये, शाळेत जो तो सरळ तिच्या केसांत बोटं घालतो आणि वर म्हणतो, "विंचरत नाहीस का गं?" तुम्ही ती "हो" म्हणेपर्यंत थांबलात. मागे माणसं उभी होती, तरी थांबलात. मग एक बट बोटाभोवती गुंडाळून सोडलीत. "वळण किती सुंदर आहे गं! नुसते कोरडे पडलेत." माझ्या लेकीची मान वर आली, ताई. मी समोर उभी राहून ते पाहिलं.

त्याआधी आमच्या वाट्याला काय आलं होतं ते सांगितल्याशिवाय तुमचं मोल कळायचं नाही. एका पार्लरमध्ये म्हणाले, "केरॅटिन करून टाका, कटकटच मिटेल." 12 वर्षांच्या मुलीला! त्यात असतं काय, असं विचारलं तर "प्रोटीन" एवढंच उत्तर. केस सरळ करायच्या अशा काही द्रावणांत मिथिलीन ग्लायकॉल असतं, गरम इस्त्री फिरली की त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसाला कर्करोग करणारं आहे, असं 2004 मध्येच ठरवलंय. खुर्चीत बसवायच्या आधी हे आईला सांगावंसं कुणाला वाटू नये? दुसऱ्या एका चकचकीत दुकानात 'सल्फेट-फ्री', म्हणजे तेल ओरबाडणारे कडक सल्फेट नसलेली, म्हणून शाम्पूची सगळ्यात महागडी बाटली गळ्यात मारली. तिने केसांचा पार खराटा झाला.

तीच बाटली तुम्ही उलटी केलीत, चष्मा चढवलात आणि बॉलपेनचं टोक बारीक अक्षरांवर ठेवून लेकीलाच म्हणालात, "वाच." ती अडखळत वाचत गेली, तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. पाण्याच्या लगेच पुढे सोडियम सी 14-16 ओलेफिन सल्फोनेट. नावात सल्फेट नाही, पण तेल ओरबाडून काढण्यात चांगलंच कडक. कुरळ्या केसांत टाळूचं तेल आधीच टोकापर्यंत पोचत नाही, त्यात हे. मग पेन खाली सरकलं. जे जास्त ते आधी लिहायचं असतं, 1 टक्का किंवा त्याहून कमी असेल ते मात्र शेवटी कुठल्याही क्रमाने. फिनॉक्सीइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालतात आणि ते 1 टक्क्याच्या वर घालता येत नाही. आर्गन तेल त्याच्याही मागे! पुढच्या बाजूला त्याचं एवढं मोठं चित्र, आणि आत जेमतेम थेंबभर. लेक खुदकन हसली. आपल्याला फसवलं गेलं हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. आपल्या केसांतच खोट आहे, असं तोवर ती धरून चालली होती.

कंडिशनरवर अल्कोहोल शब्द बघून मी बाटली परत ठेवायला निघाले होते. सेटिअरिल अल्कोहोल मेणासारखं असतं, केस मऊ करतं, कोरडं पाडतं ते डिनेचर्ड अल्कोहोल, हे तुम्ही सांगितलंत. बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट या नावात 'सल्फेट' वाचून लेक दचकली, तर ते साबणासारखं नाही, गुंता सोडवणारं आहे म्हणालात. डायमेथिकोन या सिलिकोनला तुम्ही नावं ठेवली नाहीत. केस निसरडे होतात, विंचरणं सोपं जातं, पण ते पाण्याने निघत नाही, फार सौम्य शाम्पू वापरला तर थर साचत जातो. एवढं सांगून ठरवायचं आमच्यावर सोडलंत. मग विचारलंत, "घरी पाणी बोअरचं का?" बोअरचंच आहे, बादल्यांना पांढरे डाग पडतात. क्षार केसांवरही बसतात, म्हणून यादीत क्षारांना धरून ठेवणारं डायसोडियम ईडीटीए असलं तर बरं.

शेवटी हातात दिलीत ती बाटली आम्ही आणलेल्या बाटलीच्या निम्म्याहून कमी किमतीची होती. त्यात मळ काढायला कोकामिडोप्रोपिल बिटेन, डेसिल ग्लुकोसाइड, दोन्ही सौम्य. महागडी बाटली तुमच्याही फळीवर होती, ती तुम्ही सहज खपवू शकला असतात. आपल्या गिऱ्हाइकाचा पैसा आपलाच समजणारी माणसं अजून आहेत, आणि ती बहुतेक वेळा अशीच कुठल्यातरी काउंटरमागे दिवसभर उभी असतात. त्यांचा कुणी सत्कार करत नाही. तुमचा मी करते, या पत्रातून.

केस आता मऊ आहेत. शाळेत वेणी घालावीच लागते, पण सुट्टीच्या दिवशी लेक ते मोकळे सोडते. घरात येणारी प्रत्येक बाटली आधी उलटी करते, आजीचं न्हाणाचं शिकेकाई पाकीटसुद्धा तिने सोडलं नाही. तिची आत्तेबहीणही कुरळ्या केसांचीच, दिवाळीत आमच्याकडे येतेय. दोघींना घेऊन येईन. दुपारी गर्दी नसते तेव्हा आलो तर चालेल ना?

तुमची आभारी,
सातवीतल्या मुलीची आई