आई-बाबा, मी लिहायला का लागले

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

हसू नका, पुण्यातल्या पुण्यात पत्र पाठवतेय. वाकडवरून नारायण पेठेत फोन लागतो हे मला माहितीये, पण त्या दिवशी आईनं "अगं पण हे घरातल्या आठवणींचं लिहितेस कशाला आणि वर लोकांना वाचायला देतेस कशाला" असं विचारलं आणि मी तोंड उघडेपर्यंत कुकरची शिट्टी झाली, फोन बाबांकडे गेला आणि बाबांनी विषय थेट पाण्याच्या टँकरवर नेला. म्हणून लिहूनच सांगते.

पहिलं कारण अगदी साधं आहे. दिवसभर हिंजवडीत इंग्लिशमध्ये मेल लिहायचे, घरी आलं की फॅमिली ग्रुपवर अंगठा टाकायचा, संपलं. मध्ये आमच्या शेजारच्या काकू गेल्या, त्यांच्या मुलीला चार ओळी लिहायच्या होत्या आणि मला "भावपूर्ण श्रद्धांजली"च्या पुढे काही सुचेचना. मी, जिचे निबंध बाई वर्गात वाचून दाखवायच्या! तेव्हापासून रोज रात्री थोडं तरी मराठीत लिहितेच. (झोपही छान लागते, पण हे दादाला सांगू नका, लगेच त्यावर लेक्चर देईल.)

पण लोकांना वाचायला द्यायला लागले ते बाबांमुळे. गणपतीत सगळे जमलो होतो आणि तुम्ही पानशेतच्या पुराचं सांगत होतात. आता १२ जुलै १९६१, धरणाचं काम अजून पुरं झालेलं नव्हतं, रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते, सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासलाही टिकलं नाही आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. पण "धरण फुटलं, पळा" अशी ओरड झाली तेव्हा आजी तुम्हा भावंडांना घेऊन पर्वतीकडे निघाली ती हातात दुधाचं पातेलं धरून, कारण दूध नुकतंच तापवलेलं होतं आणि एवढं दूध वाया कसं घालवायचं, हे कुठे मिळणार सांगा? आणि गंमत म्हणजे मागे एकदा तुम्ही हेच सांगितलं होतंत तेव्हा पातेलं नव्हतंच, आजीच्या हातात धाकट्या काकाचं दप्तर होतं! खरं काय ते आत्याला विचारलं असतं पण आत्या आता नाही. त्या रात्री मी दोन्ही लिहून ठेवलं, पातेलं पण आणि दप्तर पण. चुलत भावंडांना पाठवलं तर काकाच्या मुलीनं तिसरंच सांगितलं, की आजीनं जाताना दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. पूर घरात शिरतोय आणि ही कुलूप लावतेय! मला तर हेच आजीला सगळ्यात जास्त शोभतं असं वाटतं. मी माझ्यापुरतं लिहून कपाटात ठेवलं असतं तर ही किल्ली मला कळलीच नसती, एवढंच आईच्या प्रश्नाचं उत्तर आहे खरं तर.

आणि बाबा, "आपण काय पेशवे लागून गेलोय का" असं म्हणू नका. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या घरातली जुन्या कागदांची दप्तरं शोधत होते, त्यातूनच १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड निघाले. ते कागद सांभाळून ठेवणाऱ्या सगळ्यांनाच आपण इतिहास सांभाळतोय असं कुठे वाटत असेल.

आई, तुझा मुद्दा वेगळा आहे, घरातलं चव्हाट्यावर नको. मान्य. काकांच्या जागेचं भांडण, तुझं ऑपरेशन, माझ्या लग्नाचं जे काय झालं ते, यातलं काहीही मी लिहिणार नाही. पण रमाबाई रानड्यांनी १९१० साली आठवणी छापल्या, त्यात शिकते म्हणून घरातल्याच बायका त्यांना कसा त्रास द्यायच्या ते सरळ लिहिलंय. तेव्हाही नावं ठेवणारे असतीलच की. "त्या मोठ्या होत्या, तू वाकडची" हे तुझं उत्तर मला इथूनच ऐकू येतंय, तरी सांगितलं.

आणि आता तुझी पाळी आहे. टेलिफोन ऑफिसातलं तू कधी काही सांगत नाहीस, विचारलं की "त्यात काय सांगायचंय". अगं, ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, बुक करून लोक तासन्‌तास बसून राहायचे, अर्जंट कॉल, लाइटनिंग कॉल, हे माझ्या ऑफिसातल्या पोरांना सांगितलं तर त्यांना थट्टा वाटते. मला हवंय ते असं की नाइट ड्युटीला तुमच्या गप्पा काय चालायच्या, कुणाचा कॉल लागला नाही की लोक तुमच्यावरच चिडायचे का, आणि दादा लहान असताना रात्री त्याला कोण सांभाळायचं, कारण बाबा म्हणतात ते आणि आजी म्हणायची ते पुन्हा जुळत नाही. तू वाचून हो म्हटल्याशिवाय एक अक्षर कुणाला दाखवणार नाही, आणि खोडायचं असेल तर लाल पेन तुझ्याच हातात.

रविवारी अकरापर्यंत येते. बाबा, वाडा रिडेव्हलपमेंटला जायच्या आधी जिन्याखालच्या भिंतीवरची पुराची रेघ मला मोजायचीये, तेवढी टेप शोधून ठेवा. आणि खाली गाडी लावायला जागा धरा, मागच्या वेळी मी पार नदीपात्रात लावून चालत आले होते.

तुमची,
मनू