पार्दावे कुठे गेला?

महोदय,

रविवार पुरवणीतला मेक्सिकन विनोदवीर कान्तिन्फ्लासवरचा लेख वाचला. त्याच्या 'आही एस्ता एल देताये' या चित्रपटावर (१९४०) पानभर लिहायचे आणि त्यात नवऱ्याचे काम करणाऱ्या होआकिन पार्दावेचे नावसुद्धा येऊ द्यायचे नाही, याला कसब लागते. लेखकमहाशयांचे अभिनंदन.

घरात शिरलेला कान्तिन्फ्लास त्या संशयी नवऱ्याच्या हाती लागतो. बायको 'हा माझा हरवलेला भाऊ' म्हणून ठोकून देते आणि नवऱ्याला एकदम तिच्या वाट्याची इस्टेट दिसू लागते. आत्ता मारायला उठलेला माणूस मेव्हण्याची काय बडदास्त ठेवतो! पार्दावेचा तो पालटलेला चेहरा नसता, तर कान्तिन्फ्लासने मिजास दाखवली असती कोणाला? त्यात सारा गार्सिया पोरांचे लटांबर घेऊन नवऱ्याच्या, म्हणजे त्या हरवलेल्या भावाच्या, शोधात दारात हजर. मेक्सिकोची आजी म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलेली ही बाई तेव्हा जेमतेम पंचेचाळिशीची होती. आणि मोलकरीण झालेली दोलोरेस कामारियो? पिसाळलेल्या कुत्र्याला मारलेस तरच जेवायला वाढीन, ही अट तिचीच. कुत्रा बॉबी, खून झालेला गुंडही बॉबी. कान्तिन्फ्लासवरचा सगळा खुनाचा खटला उभा आहे तो त्यावर!

राहता राहिले ते लेखातले 'मेक्सिकोचा चॅप्लिन' हे बिरुद. आमच्याकडच्या एका फिल्म क्लबात हाच चित्रपट लावला होता. आयोजकांनी आधी चॅप्लिनवर असे काही प्रवचन झोडले, की हॉल रिकामा करायची वेळ ऐन कोर्टाच्या प्रसंगात आली. आरोपी कुत्र्याबद्दल बोलतोय, कोर्ट माणसाबद्दल ऐकतेय, आणि भक्कन दिवे लागले! दारात वॉचमन किल्ल्या वाजवत उभा. शेवटी न्यायाधीश आणि वकीलही कान्तिन्फ्लाससारखे बरळू लागतात, तो भाग मी पुढे मुलाच्या लॅपटॉपवर एकट्याने पाहिला. विनोदी चित्रपट असा बघायचा असतो का? बरे, चॅप्लिनने तोंड न उघडता हसवले, हा तोंड मिटत नाही म्हणून आपण हसतो. साम्य कुठले, तर पँट ढगळ!

लेखासोबतच्या फोटोत बलून आहे आणि शेजारी डेव्हिड निव्हन. तो १९५६च्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'चा. खाली मात्र आपण १९४० छापले आहे. तेवढे दुरुस्त करावे. आणि शब्दकोड्याची उत्तरे हल्ली छापायची नाहीत, असे ठरले आहे काय?

– एक जुना वाचक, पुणे