सच्याला पत्र : तू ज्या वाळूला नावं ठेवलीस तिच्याबद्दल

सच्या भावा,

तुझा मेसेज बघितला, "लिवाला जाऊन आलो, नुसती वाळू, बघण्यासारखं काय नाय". लेका, अबुधाबीच्या त्या लिवा वाळवंटात आहे तसलीच वाळू बघायला ऑइल कंपनीनं पगार देऊन माणूस पाठवलेला, म्हणून म्हटलं जरा सविस्तरच लिहावं.

1959 ला नेदरलँड्समधे स्लोख्टरेन गावाजवळ गॅस लागला, तेच ते ग्रोनिंगेन, युरोपातला सगळ्यात मोठा साठा. जवळपास तीन किलोमीटर खाली, वाळूच्या दगडात. आता हॉलंड म्हणजे गवत, गाई आणि पाणी, पण तो दगड पर्मियन काळातला, 25 कोटी वर्षांपेक्षा जुना, आणि तेव्हा तिथं रखरखीत वाळवंट होतं. (गॅस मात्र त्याच्या खालच्या कोळशातनं वर आला आणि वर मिठाचा जाड थर होता म्हणून अडकून राहिला.) बोअर मारल्यावर हातात येतो चार-पाच इंच जाडीचा दगडाचा दांडा, त्याच्यावरनं वाळूची टेकडी कुठली आणि मधला सपाट भाग कुठला हे ओळखायचं कसं? म्हणून शेल या ऑइल कंपनीचा भूगर्भशास्त्रज्ञ केन ग्लेनी 1960 च्या दशकात ओमान आणि तुमच्या अमिरातीच्या बाजूला आजचं वाळवंट बघत हिंडला.

आता टेकडीची वाळू घे. वारा ही चाळणीच आहे बघ, धूळ उडवून लांब नेतो, खडे उचलत नाही, मग टेकडीत उरतात ते साधारण एका मापाचे कण आणि त्यांच्यामधे मोकळी जागा, गॅस राहतो तिथं आणि वाहतो पण तिथनंच. पण तू गाडीतनं बघून सोडून दिलास तो टेकड्यांमधला पांढरट सपाट भाग, सबखा, मला विचारशील तर खरी गंमत तिथं आहे. तिथं पाणी जमिनीच्या अगदी जवळ असतं, ओल्या वाळूला धूळ चिकटते, ऊन लागून मीठ-जिप्सम जमतं आणि सगळी भोकं बुजतात, आणि हाच थर पुढं गाडला गेला की गॅसच्या वाटेत आडवा येतो. वादीतला, म्हणजे वाळवंटातल्या एरवी कोरड्या नदीतला, पुराचा गाळ तर खडे, माती, सगळं एकत्रच, त्यामुळं एकाच साठ्यातल्या दोन विहिरींपैकी एक भरभरून देते आणि दुसरी रडते.

अजून एक. वाऱ्याच्या आडोशाला टेकडीचा जो तीव्र उतार असतो, साधारण 30 ते 34 अंशाचा, त्याच्यावरनं वाळू घसरून तिरके पापुद्रे बसतात. दगडात ते तसेच दिसतात, मग तेव्हाचा वारा कुठनं कुठं वाहायचा ते कळतं आणि टेकड्यांची रांग कशी पसरली असेल याचा अंदाज लागतो. पण वाळवंट बघून सगळंच कळतं असं कोण म्हणालं तर ऐकू नको, खोल गेल्यावर दाबानं कण आवळतात, भोकांत इलाइट नावाची केसांसारखी बारीक माती वाढते, ते लिवात फिरून दिसायचं नाही, त्याला मायक्रोस्कोपच लागतो.

आपल्या कोल्हापुरात कुठंबी खणलं तर काळा बसाल्टच, त्यामुळं हे मला इथं बघायला मिळत नाही. तू परत गेलास तर एवढं कर, त्या उताराला पाणी मार, फावड्यानं सरळ काप घे आणि फोटो पाठव, शेजारी नाणं ठेव म्हणजे माप कळेल आणि उत्तर दिशा कुठली ते पण लिही. सबख्यात मात्र गाडी घालू नको, वरचं कवच फुटलं की चाकं रुततात. आणि काकूंना फोन कर, मंडईत भेटल्या की मलाच विचारतात.

तुझाच,
विन्या