एटीएमचे ठीक, खिळ्यांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अमेरिकन अर्थतज्ज्ञ जेम्स बेसेन यांच्यावरचा लेख दोनदा वाचला. यंत्रे नोकऱ्या खात नाहीत हे पटवायला त्यांचे एटीएमचे उदाहरण दिले आहे. अमेरिकेत एटीएम पसरले तसे १९८८ ते २००४ या काळात बँकेच्या शहरी शाखेतले कॅशियर सरासरी २० वरून १३ वर आले. पण शाखा चालवणे स्वस्त पडू लागले, शाखाच ४० टक्क्यांहून जास्त वाढल्या आणि एकूण कॅशियर काही घटले नाहीत. छान.

पण हे गृहस्थ अर्थशास्त्रात येण्याआधी काय करत होते? तुमच्या लेखात 'सॉफ्टवेअर उद्योजक' एवढेच. अहो, कसले सॉफ्टवेअर? १९८३ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका स्थानिक वृत्तपत्रात त्यांनी डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पाने जुळवण्याचा, प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर पान दिसेल तसेच कागदावर उतरेल, अशा अगदी पहिल्या प्रोग्रॅमांपैकी तो एक. पुढे कंपनी काढून विकलाही. त्या साली मी मिरजेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होतो; खिळे, म्हणजे शिशाचे अक्षरांचे ठसे, हाताने जुळवून मजकूर उभा करायचो. वीज गेली तरी खिळ्यांच्या केसमधला कुठला खण कुठल्या अक्षराचा, हे बोटांना ठाऊक असे.

१९९२ मध्ये आमच्या मालकांनी कॉम्प्युटर आणला. मी म्हटले, मला शिकवा. 'काका, तुम्ही आता बसून प्रुफे बघा,' म्हणाले, आणि पुतण्याला पुण्याला क्लासला पाठवले. अडतिसाव्या वर्षी मी काका झालो! खिळे शिशाच्या भावाने भंगारात गेले. पुतण्याला जोडाक्षर कुठे तोडायचे ते मी सांगायचो आणि पगार त्याचा वाढायचा. दोन वर्षांनी प्रुफेही गेली.

बेसेन यांच्यावर माझा राग नाही. उलट त्यांनी अमेरिकेतल्या लोवेल शहराच्या कापडगिरण्यांचा अभ्यास करून हेच सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकात वारभर कापड विणायला लागणारे ९८ टक्के श्रम यंत्रांनी वाचवले, कापड स्वस्त होऊन खप वाढला, विणकरही वाढले. मजुरी मात्र कित्येक दशके जागची हलली नाही, कारण नवे काम वर्गात बसून येत नाही, यंत्रावर हात बसावा लागतो. यातला पहिला अर्धा भाग तुम्ही चौकटीत ठळक छापलात आणि दुसरा गाळलात. हात बसण्यासाठी आधी कोणी हात लावू द्यावा लागतो, महाराज. तिथेच तर आमचे अडले.

जाता जाता. शीर्षकात 'कौशल्य'चे 'कौश्यल' झाले आहे. तिसऱ्या रकान्यात एक परिच्छेद दोनदा आला आहे. आणि ज्यांच्यावर लेख, त्यांचे आडनाव वर 'बेसेन', खाली 'बेसन'. बेसनाची आमच्याकडे भजी करतात. प्रुफे वाचायला तुमच्याकडे हल्ली माणूसच नाही, असे ऐकतो. कौशल्यावरच्या लेखात तरी एक बसवायचा होतात!

माझी सत्तरी उलटली आहे, मोतीबिंदू दोन्ही काढून झाले. लाल शाईने खुणा केलेले कात्रण सोबत जोडले आहे. हे पत्र छापलेत तर निदान ऱ्हस्व-दीर्घ आहेत तसेच ठेवा.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर, मिरज