कमी करा म्हटलं, तर बिल वाढलं

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : लँडलाइन बंद केल्यावर मासिक बिल वाढल्याबाबत, तसेच न मिळालेल्या इंटरनेट वेगाच्या परताव्याबाबत

संदर्भ : माझे तीन फोन, दोन ईमेल आणि दर वेळी मिळालेला नवा तक्रार क्रमांक

महोदय / महोदया,

आमच्या घरी गेले ३२ महिने तुमचं इंटरनेट, टीव्ही आणि लँडलाइन असं तिन्ही एकत्र आहे. यातली लँडलाइन आम्ही गेल्या महिन्यात बंद करायला सांगितली. ती बंद झाली आणि बिल वाढून आलं. चुकून झालं असेल म्हणून मी विचारलं, तर ‘चूक नाही मॅडम, असंच असतं’ असं उत्तर मिळालं. म्हणून हे पत्र.

मी निवृत्त हिशेबनीस आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खतावण्या जुळवल्या, त्यामुळे न जुळणारी रक्कम समोर असली की मला झोप लागत नाही. सगळी ३२ बिलं सोबत जोडली आहेत, मूळ रकमा त्यांवर आहेतच. इथे बोलायला सोपं जावं म्हणून पहिल्या महिन्याचं बिल १०० धरते आणि बाकीचं त्या प्रमाणात सांगते.

पहिले १२ महिने १००. तेराव्या महिन्यात सुरुवातीची सवलत संपली आणि बिल १३२ झालं. ते करारात होतं, बारीक अक्षरात का होईना, त्याबद्दल तक्रार नाही. अठराव्या महिन्यापासून १६३. आणि आता, एक सेवा सोडल्यावर, १७१.

त्या १६३ ची फोड अशी. इंटरनेट ७०, टीव्ही ५२, फोन १४, राऊटरचं भाडं ९, दोन सेट-टॉप बॉक्सचं भाडं प्रत्येकी ६, आणि ‘सेवा व्यवस्थापन’ या नावाखाली आणखी ६. (हे शेवटचे ६ कशाचे, ते तुमच्या एकाही माणसाला सांगता आलं नाही. एक जण म्हणाला, ‘ते सिस्टीममध्येच येतं.’) यातून फोनचे १४ वजा केले की १४९ उरायला हवेत. तुमच्या प्रतिनिधीचं म्हणणं असं की तीन सेवा एकत्र घेतल्याबद्दल २२ ची सूट होती आणि एक सेवा सोडल्यामुळे ती सगळीच गेली. असेलही. पण ही सूट ३२ पैकी एकाही बिलावर वेगळ्या ओळीत दिसत नाही. देताना जी कधी दाखवली नाही, ती काढून घेताना बरी सापडली! शिवाय या हिशेबाने आम्ही त्या फोनचे दरमहा १४ देत नव्हतोच, उलट तो घरात ठेवण्याबद्दल तुम्हीच आम्हाला ८ देत होता, असं निघतं. चाळीस वर्षांत मी अशी नोंद कुठल्याही वहीत पाहिलेली नाही.

तो फोन आम्ही सहजासहजी काढलेला नाही. माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांना पाठ असलेला तो एकच नंबर. वीज गेली तरी लँडलाइन चालते, म्हणून ती असावी, असं त्यांचं म्हणणं होतं. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनबाबत ते खरंच होतं, कारण त्याला लागणारी वीज एक्सचेंजकडून त्याच तारेतून यायची. तुमचा फोन राऊटरला जोडलेला. वीज गेली की राऊटर बंद, आणि राऊटर बंद की फोनही मुका. हे त्यांना दोनदा वीज गेल्यावर प्रत्यक्ष दाखवलं, तेव्हा कुठे पटलं. मग मी महिनाभर वही ठेवली. ३० दिवसांत त्या फोनवर ११ फोन आले. त्यांतले ८ काही ना काही विकणाऱ्यांचे, आणि त्या आठांतले ३ तुमच्याच कंपनीचे. आमच्याकडून गेलेला फोन एकच, तोही तुमच्याच ग्राहक सेवेला. अखेर सासऱ्यांनी स्वतःच मोबाइलचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाजवळच्या भिंतीवर चिकटवला आणि ‘काढून टाका’ म्हणाले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने खर्च वाचावा म्हणून एवढं मन घट्ट करावं आणि त्याच महिन्यात बिल वाढून यावं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

टीव्हीचं थोडक्यात. तुमच्या संचात २१४ वाहिन्या आहेत. त्याच वहीप्रमाणे महिनाभरात आम्ही ९ पाहिल्या. लहान संच मागितला तर त्यात या नवांपैकी चारच मिळतात आणि उरलेल्या पाच पुन्हा मोठ्या संचातच, हे मला आता कळलं आहे. त्यावर वाद घालत नाही, संच कसा बांधायचा तो तुमचा धंदा. दुसरा बॉक्स मात्र आजच्या आज परत न्या. तो महिन्यात दोनदा लागला, त्यातला एकदा ‘चालतो का’ हे बघायला.

आता मुख्य गोष्ट, इंटरनेट.

आमचं मूळ कनेक्शन सेकंदाला १०० मेगाबिटचं. सतराव्या महिन्यात संध्याकाळच्या वेळी आतल्या खोलीत व्हिडिओ अडकू लागला, म्हणून मी फोन केला. तुमच्या प्रतिनिधीने काहीही न तपासता सांगितलं की घरात माणसं जास्त आहेत, १०० पुरणार नाही, ३०० घ्या. घेतलं. त्याच फोनवर दुसरा बॉक्सही गळ्यात पडला. इंटरनेटचे ४५ होते ते ७० झाले. व्हिडिओ अडकायचा तो अडकतच राहिला. नंतर जेवढे फोन केले, तेवढ्या वेळा एकच सल्ला : राऊटर बंद करून पुन्हा चालू करा.

गेल्या महिन्यात भाची राहायला आली होती. ती याच क्षेत्रातली. तिने पहिल्यांदा राऊटर शोधला. तो तुमच्या माणसाने टीव्हीच्या कपाटामागे, लाकूड आणि भिंत यांच्या सांदीत बसवला होता. तो उचलून तिने घराच्या मधोमध उंचावर ठेवला आणि आतल्या खोलीतला व्हिडिओ त्याच क्षणी सुरळीत झाला. जास्त वेगाची गरज कधी नव्हतीच. राऊटरची जागा बदलायची होती. तुमच्याकडून तेवढा एक प्रश्न कुणी विचारला असता, ‘राऊटर कुठे ठेवलाय?’, तर आमचे इतके महिने वाचले असते.

मग तिने लॅपटॉप वायरने थेट राऊटरला जोडला, म्हणजे भिंतींचा आणि वायफायचा प्रश्नच राहू नये, आणि वेग मोजला. ९४. दुपारी ९४, रात्री ९३, पहाटे पुन्हा ९४. तिने राऊटर उलटा करून त्याखालची चिठ्ठी वाचली आणि हसायला लागली. त्यावर पोर्टसमोर, म्हणजे वायर खोचायच्या खाचेसमोर, ‘१०/१००’ असं छापलं आहे. अर्थ असा की त्या राऊटरच्या वायरच्या पोर्टमधून सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर काही जाऊच शकत नाही. इंटरनेटवरची माहिती लहान लहान पुड्यांत बांधून जाते आणि प्रत्येक पुड्याबरोबर पत्ते वगैरे जादा माहिती जाते, त्यात थोडा भाग खर्च होतो, म्हणून मोजल्यावर ९४च्या आसपास भरतात. इंटरनेटची तुमची तारही राऊटरमध्ये शिरते ती अशाच पोर्टातून. त्यामुळे वायफायवरही त्याहून जास्त मिळणं शक्य नव्हतं. तुम्ही रुंद नळाचे पैसे घेतलेत आणि तोटी जुनीच ठेवलीत. तीही भाड्याने!

१५ महिने आम्ही दरमहा २५ जास्तीचे दिले, म्हणजे ३७५. पहिल्या पावणेचार महिन्यांच्या बिलाइतकी ही रक्कम, आणि ज्या वेगापोटी ती घेतली तो वेग तुमच्याच यंत्रातून येणं अशक्य होतं. हे तुमच्या माणसांना माहीत नव्हतं, असं मी मानायला तयार आहे. पण कोणत्या ग्राहकाकडे कोणता राऊटर आहे, ही नोंद भाडं घेणाऱ्याकडे नसेल तर कुणाकडे असेल? भाड्याचं म्हणाल तर ३२ महिन्यांचे २८८ झाले. एवढ्यात यापेक्षा चांगले कितीतरी राऊटर विकत आले असते. ते न घेण्याची चूक माझी, ती मी तुमच्या नावावर टाकत नाही. यापुढे आमचा राऊटर आम्ही घेऊ. तुमच्या जोडणीला तो चालण्यासाठी जी माहिती लागेल ती लेखी द्या, आणि हा परत न्या.

आम्हाला लागतं तरी किती, तेही भाचीने कागदावर मांडून दिलं. चांगल्या दर्जाच्या एका व्हिडिओला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट, अगदी मोठ्या पडद्यावरच्या फोर-केला २५ धरा. फोनवरच्या बोलण्याला एक मेगाबिटचा दहावा भागसुद्धा पुष्कळ. घरातले पाचही जण एकाच वेळी पडद्यांसमोर बसले तरी ५०च्या आत भागतं. (आणि मी इतकी वर्षं समजत होते की १०० म्हणजे १०० मेगाबाइटची फाइल एका सेकंदात. ८ बिटांचा एक बाइट होतो, तेव्हा तिला निदान ८ सेकंद लागणार. जाहिरातीत ‘मेगाबिट’ हा शब्द सगळ्यात लहान अक्षरात का असतो, ते आता कळलं.) तेव्हा आम्हाला पूर्वीचाच १०० चा प्लॅन परत हवा आहे. त्याहून कमी वेगाचा असेल तर तोही सांगा.

हे मी फोनवर तीनदा मागितलं. ३००चा प्लॅन घेताना ४ मिनिटं लागली होती. तो सोडण्यासाठी आतापर्यंत ३४, ४१ आणि ३७ अशी ११२ मिनिटं गेली आहेत, त्यातला बराच वेळ तुमची धून ऐकण्यात. दुसऱ्या फोनवर मला खेळांच्या वाहिन्या सहा महिने मोफत देऊ केल्या. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली. तिसऱ्या फोनवर ‘मग आम्ही सगळंच बंद करतो’ म्हटल्याबरोबर मला वेगळ्या विभागाकडे दिलं आणि तिथे एका दमात बिलाच्या चौथाईची सूट निघाली, तीही सहाच महिन्यांसाठी. ती मी घेतली नाही. दर सहा महिन्यांनी सोडून जायची धमकी देत बसायचं, हे या वयात मला जमणार नाही, आणि ज्याला धमकी देता येत नाही त्याने तीच सेवा महाग घ्यायची, हेही मला पटत नाही.

त्याच विभागातल्या बाईंनी जाता जाता सांगितलं की आत्ता बंद केलं तर मुदतपूर्व शुल्क लागेल, अजून १० महिने बाकी आहेत. आमचा करार २४ महिन्यांचा होता आणि तो केव्हाच संपला. विचारल्यावर कळलं की अठराव्या महिन्यात तो दुसरा बॉक्स आला, तेव्हापासून २४ महिने नव्याने मोजले जात आहेत. हे मला कुणी सांगितलं नाही, मी कुठे सही केली नाही. तुमच्या प्रत्येक फोनच्या सुरुवातीला ‘हे संभाषण ध्वनिमुद्रित केलं जात आहे’ असं ऐकवतात. तर त्या दिवसाचं मुद्रण काढा. त्यात नव्या मुदतीचा एक शब्द जरी सापडला तरी शुल्क निमूट भरीन. नसेल तर ते शुल्क रद्द केल्याचं पत्र द्या.

माझं मागणं एवढंच. या महिन्याचं बिल दुरुस्त करा आणि प्रत्येक सेवेचा दर, प्रत्येक सूट वेगवेगळ्या ओळीत दाखवा. न दिलेल्या वेगाचे ३७५ परत करा, पुढच्या बिलांत वळते करून नव्हे. १०० चा प्लॅन सुरू करा, राऊटर आणि दुसरा बॉक्स घेऊन जा आणि त्या ‘सेवा व्यवस्थापना’चा खुलासा लेखी पाठवा. १५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर हीच कागदपत्रं ग्राहक आयोगाकडे जातील. फाइल तयार आहे, अनुक्रमणिकेसकट.

कळावे,

आपली ३२ महिन्यांची ग्राहक

सोबत : ३२ बिलांच्या प्रती, वेग मोजल्याच्या ११ नोंदी, राऊटरखालच्या चिठ्ठीचा फोटो, वहीची ४ पानं

ता. क. : हे पत्र पाकिटात घालत असताना तुमच्या विक्री विभागाचा फोन आला. लँडलाइन पुन्हा घेतली तर आमचं बिल ८ ने कमी करून देतो, म्हणाले.