अण्णांनी गोडाऊन रिकामं केलं

पुणे,
21 नोव्हेंबर 2021

प्रिय नाना,

अण्णांनी नाटकाच्या लाइटचं गोडाऊन रिकामं केलं.

फोनवर सांगितलं असतं तर तू 'अरे बापरे' म्हणाला असतास, मागून कुणीतरी तुला हाक मारली असती आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून लिहायला बसलोय. घरी सांगून पाहिलं. ही म्हणाली, वय झालंय त्यांचं, किती दिवस ते लोखंड सांभाळणार? तिचं चुकत नाही, पण शुक्रवार पेठेतल्या त्या जिन्याखाली बसून तिनं कधी दिव्यांपुढे लावायचं रंगीत जिलेटिन कापलेलं नाही. ते तू आणि मी कापलं.

तब्येतीचं उरकून टाकतो. आईचे गुडघे तसेच. मला एप्रिलमध्ये करोना होऊन गेला, घरीच बरा झालो, वास परत आलाय. सगळ्यांचे दोन्ही डोस झाले. बास.

तर अण्णांचा सकाळीच फोन. "दिनू, तुला काय हवं असेल ते घेऊन जा, शनिवारी भंगारवाला येतोय." मला वाटलं माळा आवरतायत. गेलो तर अर्धं गोडाऊन मोकळं. उजेड कमी-जास्त करायचे मोठे डिमर उन्हाळ्यातच एका मांडववाल्यानं उचलले होते, लग्नाच्या हॉलवर वापरायला. काय किमतीला ते विचारू नकोस. मी विचारलं आणि मग जेवण गेलं नाही. उरलेले स्पॉट एकावर एक रचलेले, वायरींची भेंडोळी सुतळीनं बांधलेली, कोपऱ्यात फ्लडच्या काचा रद्दीत गुंडाळून ठेवलेल्या. विकायच्या असल्या तरी अण्णा काच उघडी ठेवणार नाहीत. त्या ढिगात आपला तो बेबी स्पॉट सापडला, ज्याच्या पाठीवर तू खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलं होतंस आणि अण्णांनी तुला कान धरून भरत नाट्य मंदिराच्या दारापर्यंत चालवत नेलं होतं. नाव अजून आहे. तो मी घरी आणलाय. रंगभूमीवर तुझं नाव कुठेतरी कोरलं जाईल असं तू म्हणायचास, ते खरं करून ठेवलंयस.

गोडाऊनचं भाडं थकलं होतं. कसं नाही थकणार? 13 मार्च 2020 च्या रात्रीपासून थिएटरं बंद. नोव्हेंबरात ऐन रंगभूमी दिनी उघडायची परवानगी मिळाली, तीही निम्म्या खुर्च्यांवर. जरा कुठे तारखा लागायला लागल्या तर यंदा एप्रिलमध्ये पुन्हा कुलूप, ते 22 ऑक्टोबरला निघालं. या काळात नटांना निदान मालिका होत्या, शूटिंग गोव्याला नि दमणला हलवून चाललं. लेखक-दिग्दर्शकांनी मोबाइलवर नाटकं केली, मी पाहिलीसुद्धा, काही मनापासून केलेली होती. पण लाइटवाल्याला नाइट नाही तर काही नाही. प्रयोग झाला की रात्री पाकीट, नाही झाला की नाही. पगार नाही, फंड नाही. नाटकवाल्यांनीच आपापसात पैसे जमवून किराणा पोचवला. अण्णांनी पहिलं पोतं घेतलं, दुसरं कपडेपटातल्या मावशींकडे पाठवून दिलं. त्यांचा पुतण्या आता मोटारसायकलवर लोकांची जेवणं पोचवतो. अण्णा स्वतः सिंहगड रस्त्याला एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन आहेत. सत्तरी उलटल्यावर! मी काही बोलायच्या आत म्हणाले, "अंधारात जागं बसायची सवय आहे रे मला."

तू बडोद्यात बसून बातम्यांत गेलेल्यांची नावं वाचलीस. रत्नाकर मतकरी गेले तेव्हा, आशालताबाई साताऱ्याला मालिकेच्या शूटिंगमध्ये आजारी पडून गेल्या तेव्हा, यंदा मे महिन्यात तमाशातल्या कांताबाई सातारकर गेल्या तेव्हा, दर वेळी तुझा मेसेज आला. गेलेल्यांची दखल घेतली गेली, ते योग्यच झालं. पण अण्णा जिवंत आहेत. माणूस जिवंत असतो आणि काम सोडून निघून जातो, तेव्हा कुणी कुणाला मेसेज करत नाही. नारायणगावला पाडव्यापासून तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. लागोपाठ दोन चैत्र तिथे सुपारी नाही. उचल घेतलेले ढोलकीवाले, नाच्ये, ट्रकचे ड्रायव्हर, राहुटी ठोकणारे मजूर कुठे गेले असतील? त्यांतले किती परत फडावर येतील? मला झोप लागत नाही ती याच्यामुळे. नाटक संपेल असं मी म्हणत नाही, नाटक कसलं संपतंय. ज्यांच्या हातात नाटक होतं ते हात दुसऱ्या कामाला लागले, आणि त्या हातांना काय येत होतं ते कुठेही लिहिलेलं नाही.

खरं तर लिहिलेलं आहे, आणि त्यासाठीच हे पत्र.

रद्दीच्या गठ्ठ्यात अण्णांच्या वह्या होत्या. शाळेच्या, दोनशे पानी. प्रत्येक नाटकाच्या लाइटचे क्यू, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला दिवा, पेन्सिलीनं. डिमरचे आकडे थोडे, बाकी सगळे शब्द. 'बाई दार लोटते, मग श्वास, मग खिडकी.' 'बापाचं वाक्य पडू दे, टाळी आली तर थांब.' नाना, मी तिथे जमिनीवरच बसलो. आणि मग तुझी प्लेगची एकांकिका निघाली. तुझी म्हणतो, पण अर्धी माझी आहे, हे भांडण अजून मिटलेलं नाही.

तुला आठवतंच आहे. तुला शेवट गणेशखिंडीचा हवा होता. 22 जून 1897, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, टेकड्यांवर होळ्या, आतषबाजी, परतणाऱ्या बग्ग्या, चापेकरांची 'गोंद्या आला रे' ही हाक आणि प्लेगचा अधिकारी रँडवर गोळी. मला शेवट त्याच्या तीन महिने आधीचा हवा होता. मुंढव्याहून प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले हडपसरच्या बाजूला, मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्याकडे निघतात. पोर वाचतं, बाई 10 मार्चला जातात. तू म्हणायचास, तिच्यात नाट्य नाही, फक्त चालणं आहे. मी म्हणायचो, चालण्यातच आहे. शेवटी दोन्ही प्रवेश ठेवले आणि एकांकिका इतकी लांबली की गोंद्याच्या हाकेवर प्रेक्षकांतला एक जण "आला एकदाचा!" म्हणून ओरडला. तू आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतास, जसा काही तो माणूस मी बसवला होता!

तर वहीतलं पान. तुझ्या गणेशखिंडीच्या प्रवेशापुढे अण्णांनी लिहिलंय : 'लेखक म्हणतो लाल. देणार नाही. शेकोटीचा पिवळा, मग काहीच नाही.' आणि सावित्रीबाईंच्या प्रवेशापुढे : 'डाव्या विंगेतून एकच. पोर उचललं की तो तिच्याबरोबर चालवायचा. घाई नको, तिला ओझं आहे.' मला इतक्या वर्षांनी कळलं की तो स्पॉट अण्णा हातानं फिरवत होते. आपल्याला वाटायचं, त्या मुलीचं चालणंच तसं होतं.

आता मी काय म्हणतो ते फक्त तुलाच समजेल. त्या एकांकिकेसाठी तू महिनोन्‌महिने जुनी वर्तमानपत्रं चाळलीस. रँडचं सगळं सापडलं. फेब्रुवारीत तो आला, गोरे सोजीर घरांत शिरले, माणसं तपासायला उघड्यावर आणली, सामान रस्त्यावर टाकलं, आजाऱ्यांना इस्पितळात नि घरच्यांना छावणीत नेलं. टिळकांचंही सापडलं. प्लेग ओसरत असताना जूनमध्ये शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला, अफझलखानाच्या वधावर भाषणं झाली, 15 तारखेच्या 'केसरी'त वृत्तांत आला, आठवड्यानं रँडला गोळी लागली आणि त्याच छापलेल्या मजकुरावर राजद्रोहाचा खटला उभा राहून टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. म्हणजे साथीच्या दिवसांतला एक उत्सव आपल्याला भाषणांसकट माहीत आहे, कारण तो कोर्टात पुरावा झाला! आणि मग तू एके दिवशी वैतागून आलास. आठवतं? म्हणालास, किर्लोस्कर नाटक मंडळी होती, भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यासाठी लोक जीव टाकत होते, तर त्या उन्हाळ्यात कंपन्यांचे दिवे लावणारे, पडदे ओढणारे, पेट्या वाहणारे कुठे गेले? कशावर जगले? तुला एक ओळ सापडली नव्हती. तू म्हणालास, ज्याच्यावर खटला होत नाही त्याचा इतिहास होत नाही. तेव्हा मला ते वाक्य टाळीसाठी घेतलेलं वाटलं होतं. गेली पावणेदोन वर्षं ते माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि नाना, गेल्या वर्षी मार्चमध्ये थिएटरं बंद झाली ती 1897 च्याच साथरोग कायद्याखाली. तोच कायदा, 4 फेब्रुवारीचा, तुझ्या पहिल्या प्रवेशात कारकून मोठ्यानं वाचतो तो. टीव्हीवर त्याचं नाव ऐकलं आणि मी जेवता जेवता उठून उभा राहिलो. हिनं विचारलं, काय झालं? काय सांगणार होतो मी तिला! बंद करायलाच हवी होती, त्याबद्दल माझं दुमत नाही. सोजीरही आले नाहीत. पण कायद्यात बंद करायचं कलम आहे आणि बंद झाल्यावर लाइटवाल्यानं काय खायचं याचं नाही. तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

गावाचं वेगळं काय सांगू? ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका दोन्ही वर्षं एसटीनं पंढरपूरला गेल्या. निवडुंग्या विठोबापाशी त्या रात्री एक टाळ नाही, भवानी पेठेतही नाही. गेल्या वर्षी विसर्जन मांडवातच हौदात झालं, लक्ष्मी रस्ता मोकळा होता आणि माझ्यासारखे अनेक जण उगीच कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. सवाई गंधर्व झालं नाही. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक झाला नाही, म्हणजे कॉलेजच्या एका तुकडीला भरतचा तो विंगेतला वास मिळालाच नाही. तू म्हणशील, गणपती परत येतील, वारी परत निघेल. येतील रे, त्यांच्यामागे लाखो माणसं आहेत. अण्णांच्या मागे कोण आहे? तू आणि मी.

परवा भरतला गेलो, उघडल्यावर पहिल्यांदाच. एक खुर्ची सोडून एक खुर्ची, सोडलेल्यांवर फुलीच्या पट्ट्या. तिसरी घंटा झाली आणि शेजारच्या आजी मास्कच्या आत रडत होत्या. लाइटला एक मुलगी होती, विशीतली, सगळं लॅपटॉपवर. मी नाकं मुरडायच्या तयारीनं बसलो होतो. पण दुसऱ्या अंकात एका मोठ्या पॉजमध्ये तिनं उजेड असा काही हळूहळू काढून घेतला की माझ्या अंगावर काटा आला. नंतर जाऊन भेटलो. कुणाकडे शिकलीस, तर म्हणे युट्यूबवर. अण्णांच्या वह्यांचं सांगितलं तर तिथल्या तिथे म्हणाली, काका, मला पाहायच्यात. दुसऱ्या दिवशी घरी आली. वाचता येतात, पण कळत नाहीत. 'सांगलीसारखं कर' म्हणजे काय? 'नानाचा काळोख' म्हणजे काय? हे मलाही नीट सांगता येईना. सांगलीच्या दौऱ्याला मी नव्हतो, तू होतास. आणि नानाचा काळोख तर तुझाच.

म्हणून ये. नाताळच्या सुट्टीत ये. वहिनींना म्हणावं, माझ्यावर रागवा. अण्णा बोलायला तयार नाहीत. "झालं ते झालं, रद्दी आहे ती," एवढंच म्हणतात. मी विचारलं की गप्प बसतात, कारण मी फार आदरानं विचारतो. तू विचारशील तर भांडतील, आणि भांडता भांडता सगळं सांगतील. लाल का नाही दिला, एवढं विचार फक्त, मग बघ. आपण पानापानानं बसू, ती पोरगी लिहून घेईल, तिच्या फोनवर रेकॉर्डही करता येईल. बाळंभट्टालाही बोलावतो, त्याला उपयोग नाही पण चहा चांगला करतो.

तुझं कसं चाललंय? चिमीची बारावी या वर्षी ना, परीक्षा होणार की नाही या घोळात पोरांचं डोकं फिरलं असेल, तिला सांग काका विचारत होता. नव्या घराचा ताबा मिळाला का? वहिनींच्या पाठीचं काय झालं? हे सगळं आल्यावर सविस्तर.

अण्णांना फोन करायचा तर सकाळी अकराच्या पुढे कर, रात्रपाळीवरून येऊन झोपतात. नंबर तोच आहे. माझं पत्र आलं असं सांगू नकोस, सहज केला म्हण. आणि गाडीचं तिकीट काढलंस की तारीख कळव, त्या मुलीला तिच्या प्रयोगांच्या तारखा बघून वेळ काढायला सांगायची आहे.

तुझा,
दिनू

ता.क. शनिवारी भंगारवाला येऊन गेला. वह्या, बेबी स्पॉट आणि जिलेटिनचा डबा माझ्याकडे आहे. लाल जिलेटिन त्यात एकही नाही, मी मुद्दाम पाहिलं.