काका, तुम्ही खोली तपासलीत

आदरणीय काका,
सा. न.

माझ्या पीएच.डी.च्या प्रयोगांसाठी प्राणिगृहात ठेवलेल्या उंदरांची पिल्लं जगली ती तिथली देखभाल करणाऱ्या तुमच्यामुळे, हे चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहितेय.

माद्या गाभण राहत होत्या, वीतही होत्या, पण दोन-तीन दिवसांत पिंजरा रिकामा. आईच पिल्लं खात होती. आम्ही खाद्य तपासलं, वाण तपासलं. तुम्ही खोली तपासलीत.

बडोद्याच्या वैशाखात बाहेरून येणारा प्रत्येक जण त्या गार खोलीत शिरला की ‘हुश्श’ म्हणायचा. तुम्ही म्हणालात, “पोरी, आपल्याला बरं वाटतंय, त्यांना थंडी वाजतेय.” खरंच होतं ते. उंदराला मानवणारं तापमान 30 अंशांच्या आसपास असतं, आणि त्यांच्या खोल्या ठेवल्या जातात साधारण 20 ते 24 अंशांवर. पिल्लं जन्मतात ती अंगावर केस नसलेली. स्वतःची ऊब त्यांना धरून ठेवता येत नाही. तुम्ही निर्जंतुक केलेल्या कागदाच्या पट्ट्या पिंजऱ्यांत घातल्यात आणि माद्यांनी रातोरात त्यांची घरटी केली. गाभणकाळ 19 ते 21 दिवसांचा. विण्याची तारीख पिंजऱ्यावर लिहून, माद्यांना त्रास नको म्हणून त्या सुमारास भुसा बदलणंच तुम्ही बंद केलंत. व्हरांड्यातल्या दिव्याचा उजेड रात्री दाराच्या काचेतून आत येतो, हेही तुम्हीच दाखवलंत. 12 तास उजेड, 12 तास काळोख हा क्रम मोडला तर माद्यांचं चार-पाच दिवसांचं माजाचं, म्हणजे गर्भधारणेला तयार होण्याचं, चक्रही बिघडू शकतं. काचेवर काळा कागद तुम्ही स्वतः चिकटवलात.

आणि तो मूठभर भुसा! माद्याच माद्या दाटीने ठेवल्या की त्यांचा माज लांबणीवर पडतो. जोड्या लावायच्या तीन दिवस आधी नराच्या पिंजऱ्यातला वापरलेला भुसा तुम्ही माद्यांकडे टाकायचात, मग बऱ्याच जणी एकदम माजावर यायच्या. शास्त्रज्ञ व्हिटन यांनी 1956 मध्ये नोंदवलेला हा परिणाम मी नंतर वाचला. नुकत्याच फळलेल्या मादीजवळ परका नर येऊ द्यायचा नाही, हा तुमचा हट्टही तसाच. त्याच्या वासाने गर्भ टिकेनासा होऊ शकतो, हे शास्त्रज्ञ हिल्डा ब्रूस यांनी 1959 मध्ये दाखवलं होतं. तुम्हाला कुणी शिकवलं, विचारलं तर तुम्ही म्हणालात, “आधीच्या काकांनी.”

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीने मंजूर केलेल्या उंदरांच्या संख्येतच आम्हाला प्रयोग बसवायचा असतो. एक वीण वाया गेली की पुन्हा मादीला गाभण ठेवायचं, पुन्हा तिच्या जिवाला ताण. तो ताण तुम्ही किती जिवांचा वाचवलात, याचा हिशेब कुठल्याच प्रबंधात येत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. मनापासून आभार, काका.

नव्या प्राणिगृहाचा आराखडा आलाय. दिवे, दारं, पिंजरे धुण्याची जागा, सगळं अजून कागदावरच आहे, बदलता येईल. भिंती उभ्या राहण्याआधी तुम्ही एकदा येऊन बघाल का? न्यायला मी येईन.

तुमची,
उंदरांच्या खोलीतली विद्यार्थिनी